सार पासला निघालाय? आधी सॅक रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवा

बेळगाव : एप्रिल संपत आला की माझ्या मोबाईलवर दोन प्रकारचे फोन सुरू होतात. एक, आमच्या गल्लीत पाणी आलं नाही म्हणून सांगणारे. आणि दुसरे, "तुम्ही तो हिमालयातला ट्रेक करून आलाय न्हवं, काय काय घ्यायचं सांगा की" असे विचारणारे. पहिल्या फोनची बातमी होते. दुसऱ्या फोनवर मी दरवेळी अर्धा-पाऊण तास बोलतो आणि ठेवल्यावर आठवतं की मोज्यांचं सांगायचं राहिलंच. म्हणून यंदा लिहूनच काढतोय.

मे महिन्यात गोवा एक्स्प्रेसमध्ये एक फेरी मारून बघा. वास्कोहून निघालेली ही गाडी लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे, मनमाड, भोपाळ, ग्वाल्हेर असं करत दिल्लीच्या निजामुद्दीनला पोचते. म्हणजे गोव्यातला, सीमाभागातला आणि ग्वाल्हेरचा मराठी माणूस एकाच गाडीत. त्यात हल्ली बर्थखाली फुगलेल्या सॅका दिसतात. कुणी मनालीला, कुणी उत्तराखंडला, आणि पहिल्यांदाच उंचावर जाणारे बरेचसे कुलू जिल्ह्यातल्या सार पासला. मीही तिथंच गेलो होतो. आमच्या तुकडीत बेळगावचे आम्ही चौघे, म्हापशाचा एक मित्र आणि ग्वाल्हेरचं एक मराठी जोडपं. आम्हा सातजणांच्या सॅकमध्ये काय होतं आणि काय नव्हतं, त्यातूनच खालचं सगळं शिकलो.

आधी उंचीचा हिशेब करू. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर. महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई, ५,४०० फूट. पार्वती नदीकाठचं कसोल, जिथं सार पासचा तळ असतो, ते साधारण ५,२०० फुटांवर आहे. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर तुमचा ट्रेक अजून सुरूच व्हायचाय! तिथून ग्रहण गाव साधारण ७,७०० फूट, नगारूचा तळ १२,५०० च्या आसपास आणि प्रत्यक्ष खिंड सुमारे १३,८०० फूट. दर हजार मीटर चढलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. बेळगाव ते सार पास हा फरक जवळजवळ साडेतीन हजार मीटरचा, म्हणजे बावीस-तेवीस अंशांचा. इथं दुपारी ३५ असेल तर तिथं बारा-तेरा, असं कागदावर निघतं. पण कागदावरचा हा आकडा दिवसाचा आणि वारा नसतानाचा. त्यात बर्फ, रात्र आणि वारा मिळवा. तापमान शून्य असेल आणि ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला असेल, तर उघड्या कातडीला ते उणे सहा-सात असल्यासारखं लागतं. नगारूला वारा असतोच, विचारायचं कारण नाही.

हवेचा दाबही तिथं समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांवर आलेला असतो. प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात कमी. त्यामुळे इथं येळ्ळूरगडावर जी सॅक हलकी वाटते, तीच तिथं धोंड्यासारखी होते. कपडे जास्त हवेत आणि वजन मात्र कमी हवं, हा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

बनियनची गोष्ट

मी बी.कॉम. झालेला माणूस, यादी करणं रक्तातच. दोन जीन्स, पाच सुती टी-शर्ट, चार बनियन, दोन स्वेटर, एक जाडजूड जॅकेट, टॉवेल (तोही घरातला मोठा, टर्किशचा), दाढीचं सामान, चादर, बेसनलाडूंचा स्टीलचा डबा आणि मित्रांसाठी एक किलो कुंदा. सॅक भरून झाली तेव्हा गल्लीतले सुभेदारकाका आले होते. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त, लेहकडे नोकरी केलेले. त्यांनी सॅक एका हातानं उचलून बघितली आणि एवढंच म्हणाले, "काय रे, परत यायचं न्हाई काय? सगळं घर घेऊन निघालास." मग आतले कपडे चाचपून म्हणाले, "हे बनियन काढ. सुती काही नेऊ नको." मी हो म्हटलं. आणि नेले.

त्याचं फळ चौथ्या दिवशी मिळालं. नगारूची चढण अंगावर येते. मी बनियन, त्यावर टी-शर्ट, त्यावर स्वेटर आणि वर जॅकेट असा जामानिमा करून निघालो होतो. थंडी वाजेल ना! तासाभरात घामानं आतून ओलाचिंब. दुपारी दोनच्या सुमारास तळावर पोचलो, सॅक खाली टाकली आणि बसलो. वारा सुटला, बारीक गारा सुरू झाल्या. पहिली दहा मिनिटं बरं वाटलं. मग कुडकुडायला लागलो. हे नेहमीचंच म्हणून मी कोणाला काही बोललो नाही. थोड्या वेळानं सॅकची चेन उघडायला गेलो तर बोटं ऐकेनात. ग्वाल्हेरच्या वहिनी समोर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "भाऊजी, चहा घेतला का तुम्ही?" मी काहीतरी भलतंच उत्तर दिलं म्हणे, तेही जिभेला पीळ पडल्यासारखं. मला ते आठवत नाही.

त्यांनी लगेच नवऱ्याला हाक मारली. दोघा-तिघांनी मला तंबूत नेलं, अंगावरचं सगळं ओलं काढलं, त्यांच्याकडचं कोरडं थर्मल घातलं, दोन स्लीपिंग बॅगमध्ये कोंबलं आणि गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून काखेत दिली. शुद्धीवर आहे बघून गोड चहा पाजला. तासाभरानं माणसात आलो. आपल्या तुकडीतल्या एखाद्याची बोटं चालेनाशी झाली, बोलणं अडखळायला लागलं, चालताना झोक जायला लागला, उगाच चिडचिड व्हायला लागली, तर त्याच्या शरीराची उष्णता उतरत चालली आहे असं समजा. त्याला स्वतःला ते कळत नाही. मलाही कळलं नव्हतं. आणि अशा वेळी हातपाय चोळत बसू नका, दारू तर अजिबात देऊ नका. आपलं फौजी गाव, 'रम घेतली की थंडी पळते' हे इथं पोराटोरांनाही माहीत. पण दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटतं आणि आतली ऊब बाहेर निघून जाते. हे मला सुभेदारकाकांनीच सांगितलं, आणि ते रमच्या विरोधात बोलणारे गृहस्थ नव्हेत.

आता सुताचं असं का होतं? शरीराची ऊब आपल्याला कपडा देत नाही, कपड्यात अडकलेली हवा टिकवून धरते. सुताचा धागा पाणी शोषून घेतो आणि सोडत नाही, म्हणजे हवेच्या जागी पाणी बसतं. आणि पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीसपट वेगानं उष्णता ओढून नेतं. म्हणजे ओला बनियन घालून वाऱ्यात बसणं हे उघडं बसण्यापेक्षा वाईट. लोकरीचं उलट. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही, आणि धाग्याच्या कुरळेपणामुळे हवा धरून ठेवते. हे आपल्याला नवीन नाही. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात धनगर घोंगडं पांघरून मेंढरांमागं दिवसभर फिरतो, ते काय उगाच? सार पासच्या वाटेवर गद्दी मेंढपाळ भेटतात. त्यांचा चोळाही जाड लोकरीचा आणि कमरेला लोकरीचाच दोर. हजारो मैलांच्या अंतरावर दोघांनी एकच गोष्ट ओळखली आणि मी कॉलेज शिकून बनियन घेऊन गेलो.

मग अंगात घालायचं काय?

एक जाड जॅकेट घेण्यापेक्षा तीन-चार पातळ थर घ्या, हे सगळेच सांगतात. पण प्रत्येक थराचं काम वेगळं आहे हे समजलं तर दुकानदार फसवणार नाही.

सर्वांत आतला थर घाम बाहेर ढकलण्यासाठी. चालताना पॉलिस्टरचा खेळाडू घालतात तसला पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट पुरतो, क्रिकेट खेळणाऱ्या पोराच्या कपाटात सापडेल. असे दोन, फार तर तीन. पाच दिवस तेच घालायचं, वास येतो, सगळ्यांनाच येतो. थर्मलचा जोड मात्र एक वेगळा ठेवा, फक्त रात्री झोपताना आणि खिंडीच्या दिवशी घालायचा. हा जोड कोरडा राहिलाच पाहिजे. माझ्या सॅकमध्ये आता सगळ्यात मौल्यवान वस्तू कुठली विचाराल तर कॅमेरा नाही, तो प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला थर्मलचा जोड.

त्यावर फ्लीस. हलकी असते, लवकर वाळते, स्वेटरपेक्षा कमी जागा घेते. घरात आईनं विणलेला खऱ्या लोकरीचा स्वेटर असेल तर तोही चालतो, जड पडतो एवढंच. ॲक्रिलिकचा जाडा स्वेटर मात्र घरीच राहू दे.

त्यावर ऊब देणारं जॅकेट, पिसांचं किंवा कृत्रिम भरणीचं. पिसांचं वजनाला हलकं आणि उबेला भारी, पण भिजलं की पिसं गोळा होतात आणि त्याचा उपयोग संपतो. मे महिन्यात तिकडं दुपारनंतर पाऊस-गारांचा नेम नाही, त्यामुळे वर पाणी अडवणारा थर नसेल तर कृत्रिम भरणीचं बरं. हे जॅकेट चालताना घालायचं नसतं! थांबलं की घालायचं, निघालं की काढायचं. चालायला सुरुवात करताना थोडी थंडी वाजली पाहिजे, मग वीस मिनिटांत अंग तापतं. मी नेमकं याच्या उलट केलं होतं.

सर्वांत वर वारा आणि पाणी अडवणारा पातळ कोट. इथं आपल्या सीमाभागातल्या माणसाची एक समजूत आडवी येते. पावसाळ्यात खानापूरला जाणारा प्रत्येकजण म्हणतो, रेनकोट आहे की आमच्याकडं. तो रबरी किंवा प्लास्टिकचा दुचाकीवरचा रेनकोट बाहेरचं पाणी अडवतो हे खरं, पण आतला घामही अडवतो. चढावर तो घातला की बाहेरून कोरडे, आतून ओले. काखेत चेन असलेला, हवा खेळणारा कोट घ्यावा. लेबलवर पाणी किती दाबापर्यंत अडवतं ते मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं, ५,००० असेल तर काम भागतं, १०,००० असेल तर निश्चिंत. ज्यांना एकदाच जायचंय त्यांनी पातळ वाऱ्याचं जॅकेट आणि सॅकसकट झाकणारा पोंचो एवढ्यावर भागवलं तरी चालेल. मात्र जोराच्या वाऱ्यात पोंचो पतंगासारखा उडतो, हे सांगून ठेवतो.

पायात घालायच्या विजारी दोन, लवकर वाळणाऱ्या. जीन्स नाही म्हणजे नाही. एक जीन्स कोरडी असताना पाऊण किलोच्या आसपास भरते, ओली झाली की किती ते विचारू नका. आणि सार पासला एक खास प्रकार आहे. खिंड ओलांडली की पलीकडच्या उतारावर बर्फावरून चक्क बसून घसरत खाली जायचं असतं. लहानपणीची घसरगुंडीच, पण लांबच लांब. मजा येते, पण पातळ विजार असेल तर बुडाला भोक पडतं आणि आत बर्फ शिरतं. वरून घालायची पाणी न शिरणारी विजार त्या दिवसासाठी हवीच. शिवाय खिशांना चेन असलेली. आमच्यातल्या एकाचा मोबाईल त्या घसरगुंडीत गेला तो गेलाच, अजून तिथल्या बर्फात असेल.

माळ्यावरचे बूट

म्हापशाच्या मित्राची कथा वेगळी. त्याच्याकडं चांगल्यापैकी महागातले बूट होते. सहा-सात वर्षांपूर्वी घेतलेले, दोनदा वापरलेले, मग माळ्यावर खोक्यात घालून ठेवलेले. तो खूश होता, नवीन घ्यायला नको. ग्रहण गावाच्या पुढं दुसऱ्या दिवशी त्याच्या उजव्या बुटाचा तळ पुढून उघडला, मगराच्या जबड्यासारखा. संध्याकाळपर्यंत डावाही. आतला फेसासारखा भाग हातात घेतला तर भुगा होत होता.

याचं कारण साधं आहे आणि कोकण-गोवा-बेळगावच्या लोकांनी ते पक्कं लक्षात ठेवावं. बऱ्याच बुटांच्या तळाचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. दमट हवेत पडून राहिला की ओल त्या रसायनाची बांधणी हळूहळू तोडते. बूट वापरात असतील तर ते उशिरा होतं, नुसते डब्यात पडले तर लवकर. वरून बघितलं तर नवे कोरे दिसतात. म्हणून जुने बूट नेण्याआधी अंगठ्यानं तळ दाबून बघा, वाकवून बघा, आणि किमान तीन-चार वेळा सामान पाठीवर घेऊन चालून बघा. त्या मित्रानं पुढचे दिवस नायलॉनच्या दोरीनं बूट बांधून काढले. तळाखालून फिरवलेली दोरी बर्फात पकड देते असं तो आता अभिमानानं सांगतो, पण त्याच्या पायाच्या बोटांचा रंग त्या दिवशी मी बघितला होता.

नवे बूट घ्यायचे तर संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. जो मोजा तिकडं घालणार तो घालूनच माप बघा. बोटांपुढं थोडी मोकळी जागा राहिली पाहिजे, नाहीतर उतारावर नखं बुटावर आपटून काळी पडतात. घोट्याच्या वर येणारे, खाली खोल खाचा असलेले. आणि निघायच्या किमान महिनाभर आधी घ्या. मधल्या काळात रविवारी येळ्ळूरगड, जमलं तर चंदगडकडचा वैजनाथचा डोंगर किंवा कलानिधीगड, तेच बूट आणि भरलेली सॅक घेऊन करा. पायाला कुठं लागतंय ते इथं कळलं तर पट्टी लावून घरी येता येतं. नगारूला कळलं तर उपाय नाही.

मोजे लोकरीचे किंवा लोकरमिश्रित दोन-तीन जोड, शिवाय झोपताना घालायला एक कोरडा जोड वेगळा. सुती मोजा घामानं भिजतो, भिजलेली कातडी मऊ होते आणि फोड येतो. टाच गरम लागायला लागली की त्याच क्षणी थांबून चिकटपट्टी लावायची, 'पुढच्या थांब्यावर बघू' म्हणायचं नाही. नखं निघायच्या आदल्या दिवशी कापा. तळावर घालायला हलकी सपाता एक.

डोकं, हात, डोळे

कानटोपी घ्या. हसतात लोक, हसू द्या. शिवाय दिवसा ऊन लागतं त्यासाठी कडा असलेली टोपी. गळ्याभोवती गुंडाळायचा बफ ही वस्तू स्वस्त आणि बहुगुणी, नाकावर ओढला की थंड कोरडी हवा थेट घशात जात नाही.

हातमोजे दोन प्रकारचे : आत पातळ, वर पाणी न शिरणारे. फक्त लोकरीचे नेले आणि बर्फात हात टेकला की ओले होतात आणि पुढं दिवसभर तसेच. पातळ मोज्यानं चेन, नाडी, पाण्याची बाटली उघडता येते. जाड मोजे काढून हे करायला लागलं की बोटं पाच मिनिटांत बधिर.

गॉगलला मी शोभेची वस्तू समजत होतो. ताजं बर्फ सूर्याची अतिनील किरणं ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतं, आणि दर हजार मीटरला ही किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. म्हणजे ऊन वरून आणि खालून दोन्हीकडून. गॉगल नसेल तर डोळ्यांच्या बुबुळावरचं पातळ आवरण भाजतं, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि दिसणं बंद होतं. म्हणून बाजूनं झाकलेला आणि अतिनील किरणं पूर्ण अडवणारा गॉगल हवा. चष्मा असणाऱ्यांनी (मीही त्यातलाच) चष्म्यावर बसणारा गॉगल किंवा नंबरचा गॉगल आधी करून घ्यावा. चष्म्याचा जुना जोडही सोबत ठेवावा. सनस्क्रीन नाकाच्या खालच्या बाजूला, हनुवटीखालीही लावायचं. ऊन खालून येतं म्हटलं ना! ओठांना लावायचं मलम विसरू नका.

खिंडीच्या दिवशी पहाटे दोन-तीनला अंधारात निघावं लागतं, कारण ऊन चढलं की बर्फ मऊ पडून पाय रुततात. त्यासाठी कपाळावर बांधायचा टॉर्च. हातातला नको, एका हातात काठी आणि दुसरा हात तोल सांभाळायला लागतो. बॅटरी थंडीत लवकर उतरतात, रात्री टॉर्च, मोबाईल आणि पॉवर बँक घेऊनच स्लीपिंग बॅगमध्ये झोपा.

घरात आधी काय आहे?

हे मी गाव बघून सांगतो. ग्वाल्हेर-इंदूरच्या वाचकांकडं हिवाळ्याचे इनर, लोकरी मोजे, चांगले स्वेटर घरात असतातच, त्यांचा खर्च बुटांवर आणि वरच्या कोटावर होतो. ग्वाल्हेरच्या त्या जोडप्यानं नवं फारसं काही घेतलंच नव्हतं आणि सर्वांत सुखी तेच होते. बेळगाव-निपाणीकडं छत्री, रेनकोट आणि पातळ स्वेटर असतो, थर्मल आणि फ्लीस घ्यावी लागते. गोव्याच्या माणसाकडं थंडीचं काहीच नसतं, हैदराबादच्या आणि वडोदऱ्याच्या वाचकांचीही बऱ्यापैकी तीच गत. त्यांनी सगळं विकत घेण्यापेक्षा जाड जॅकेट, काठी, बर्फासाठी बुटाखाली लावायचे काटे आणि पोटरीवरचं गेटर भाड्यानं मिळतंय का ते ज्यांच्याबरोबर जाताय त्यांना विचारावं. भाड्यानं घेऊ नयेत असे दोनच जिन्नस : बूट आणि अंगाला चिकटून बसणारे कपडे.

बायकांच्या सामानाबद्दल मला अनुभव नाही. वहिनींनी सांगितलं तेच लिहितो. आतले कपडेसुद्धा सुती नकोत, वरचं सगळं बरोबर घेऊन आत सुती घातलं तर छाती-पाठ ओलीच राहते. उंचीवर आणि दगदगीनं पाळी मागंपुढं होऊ शकते, तारीख नसली तरी पॅड घ्यावेत, आणि वापरलेले ठेवायला चेनच्या जाड पिशव्या, कारण ते परत खाली आणायचे असतात.

औषधांबद्दल थोडक्यात. उंचीच्या त्रासासाठी डायमॉक्स नावाची गोळी सगळे सुचवतात, पण सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांना ती बाधू शकते. आपल्या डॉक्टरला विचारूनच. रक्तदाबाची वगैरे रोजची औषधं दोन ठिकाणी विभागून ठेवा. वैद्यकीय दाखला लागतो, तो इंग्रजीत घ्या. आपल्याकडं कन्नड की मराठी हा वाद, आणि तिथं टेबलावर बसलेल्याला दोन्ही येत नाही!

सॅकचा जमाखर्च

परत आल्यावर मी एक काम केलं. वहीत सगळ्या सामानाची यादी लिहिली आणि पुढं तीन रकाने आखले : वजन किती, वापर किती वेळा, आणि नसतं तर काय झालं असतं. जीन्स, दीड किलो, शून्य वेळा, काही नाही. टर्किश टॉवेल, पहिल्याच दिवशी भिजला, पुढं नुसता वाहिला. कुंदा नगारूला एवढा घट्ट झाला होता की काठीच्या टोकानं फोडून खाल्ला, पण त्याचं वजन मी खर्चात धरत नाही. तिसरा रकाना महत्त्वाचा. पावसाचा कोट पाच दिवसांत एकदाही लागला नाही तरी तो विम्याच्या हप्त्यासारखा आहे, वाया गेला असं म्हणता येत नाही. पाचवा टी-शर्ट मात्र शुद्ध तोटा.

त्या वेळी सॅक भरली होती १४ किलो ६०० ग्रॅम. दोन वर्षांनी डिसेंबरात केदारकांठाला गेलो, तिथं १२,५०० फुटांवर रात्री थंडी कितीतरी जास्त, तरी सॅक ९ किलो २००. दोन्ही वेळा आमच्या कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवून बघितलं. स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भरली तर काहीतरी काढा. साठ किलोच्या माणसाला पाण्यासकट बारा म्हणजे वरची हद्द, कमी असेल तर उत्तम.

भरण्यातही युक्ती आहे. पन्नास-साठ लिटरची, कमरेला रुंद पट्टा असलेली सॅक घ्या. तो पट्टा कंबरेच्या हाडावर आवळला की बहुतेक भार पायांवर जातो, खांदे मोकळे राहतात. तळाशी हलकं आणि रात्रीच लागणारं, जड वस्तू मधोमध पाठीला लागून, वर लागणाऱ्या गोष्टी : कोट, जॅकेट, खाऊ. वरून घालायच्या रेनकव्हरवर विसंबू नका, पाठीच्या बाजूनं पाणी झिरपतंच. आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी अस्तरासारखी घालून सगळं त्यात भरा, थर्मल आणि मोजे वेगळ्या पिशवीत. पाण्याच्या बाटल्या दोन, एक-एक लिटरच्या, त्यातली एक गरम पाणी सोसणारी. रात्री ती काखेत किंवा पायाशी. विमानानं जाणार असाल तर पॉवर बँक हातातल्या बॅगेत, काठी मात्र सामानात द्यावी लागते.

सुती कपडा पूर्ण बाद करू नका, प्रवासाला एक जोड ठेवा. गाडीत मे महिन्यात पॉलिस्टर घालून बसलात तर खांडव्यापर्यंतच नको होईल. हा जोड कसोलला तळावर ठेवून वर जाता येतं.

आणि परतल्यावर. मेच्या शेवटी तुम्ही बेळगावात उतरता आणि आठ-दहा दिवसांत मृग लागतो. कपडे, सॅक, बूट त्याआधी उन्हात (बूट मात्र सावलीत) खडखडीत वाळवून घ्या. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरा, नाड्या सोडा, खोक्यात घालू नका, माळ्यावर तर मुळीच नको. माझे दाराशीच चपलांच्या फळीवर असतात आणि भाजी आणायला मी तेच घालून जातो. बायको म्हणते, "अहो, गणपत गल्लीत बर्फ पडलंय का?" म्हापशाच्या मित्राला परवा फोन केला होता. त्यानं नवे बूट घेतलेत. कुठं ठेवलेस विचारलं, तर म्हणाला, माळ्यावर.